परसातील कोंबड्यांचा कळप : राखावयाचा कोंबडा कोणता?

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर वसले असून नाणीज, साखरपा व आंबा घाटावरून कोल्हापूरकडे जाणारी वाट येथूनच फुटते. अशा नाक्याच्या गावात व त्याच्या आसपासच्या वाड्यांत गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधीत जावे लागत नाही. गिऱ्हाईकच दारी येते. दारी आलेल्या गिऱ्हाईकाची नजर साहजिकच कळपातील सर्वांत मोठ्या, भरल्या छातीच्या व तुकतुकीत पिसांच्या कोंबड्यावर पडते. राखणदाराला मान द्यावयाचा असो, शिमग्याला मुंबईहून चाकरमानी आलेला असो, की आषाढी अमावास्येचा बेत असो, घरच्यांचा हातही त्याच कोंबड्याकडे जातो. मागे उरतो तो किरकोळ, उशिरा वाढलेला, दाणा टिपताना मागे राहणारा नर. पुढील वर्षी जन्मणाऱ्या सर्व पिलांचा बाप तोच होतो.

असे चार-पाच वर्षे चालले म्हणजे कळप हळूहळू लहान चणीचा होत जातो. रवणास घातलेल्या अंड्यांपैकी वांझ अंडी वाढतात, पिले अशक्त निघतात व पहिल्याच पावसात मरतात. मग घरधनीण म्हणते, ‘कोंबड्या लाभत नाहीत.’ प्रत्यक्षात दोष लाभाचा नसतो. उत्तम बियाणे विकून निकृष्ट बियाणे पेरण्यासारखाच हा प्रकार आहे. भाताच्या लोंब्या निवडून बी राखणारा शेतकरी कोंबड्यांच्या बाबतीत मात्र नेमके उलट वागतो. ही एक चूक सुधारली, तर फारसा खर्च न करता परसातील कळप सुधारता येतो. ते कसे करावे, याचे विवेचन पुढे केले आहे.

कोंबडा म्हणजे अर्धा कळप

प्रत्येक पिलाला निम्मे गुण आईकडून व निम्मे बापाकडून मिळतात. दहा कोंबड्यांच्या कळपात एक कोंबडी वाईट निघाली, तर तिचे दोष केवळ तिच्या पिलांपुरते राहतात. कळपात नर मात्र एकच असतो. त्यामुळे त्याचे गुणदोष प्रत्येक पिलात उतरतात. वाढीचा वेग, अंगकाठी, काटकपणा व पुढे तलंगांची अंडी देण्याची शक्ती, या सर्वांचा निम्मा वाटा एका नराच्या निवडीवर अवलंबून असतो. म्हणून कळप सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नराची योग्य निवड हाच होय.

येथे एका समजुतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी देत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. कोंबडी नराशिवायही अंडी देते. मात्र त्या अंड्यांतून पिले निघत नाहीत. खाण्यासाठी व विकण्यासाठी तर अशी वांझ अंडीच अधिक चांगली, कारण ती टिकतात. फलित अंड्यातील जीव उष्णतेने वाढू लागतो व चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात असे अंडे थोड्याच दिवसांत खराब होते. म्हणून ज्या दिवसांत पिले काढावयाची नाहीत व अंडी विकावयाची आहेत, त्या दिवसांत नर वेगळा ठेवल्यास तोटा न होता फायदाच होतो.

नर कळपात असण्याचे इतरही उपयोग आहेत. घारीची सावली पडताच तो एक लांब, बारीक आवाज काढतो व कोंबड्या झुडपाखाली दडी मारतात. मुंगूस किंवा कुत्रा दिसला तर तो वेगळ्या, तुटक आवाजात सारखा ओरडतो व कळप सावध होतो. दाणा किंवा किडा सापडल्यास तो चोचीने उचलून पुन्हा खाली टाकतो व विशिष्ट आवाजाने कोंबड्यांना बोलावतो. मोकळ्या फिरणाऱ्या कळपाला असा जागरूक नर म्हणजे बिनपगारी राखणदारच होय. बोलावणी न करता सर्व दाणे स्वतःच गिळणारा नर कितीही देखणा असला, तरी राखण्यास कमी प्रतीचा समजावा.

दहा कोंबड्यांस एक नर

देशी कोंबड्यांच्या कळपात आठ ते बारा माद्यांस एक नर पुरेसा होतो. परसातील कळपासाठी दहास एक हे प्रमाण सोयीचे आहे. तरीही अनेक घरी सहा-सात कोंबड्यांमागे तीन-चार नर फिरताना दिसतात. ‘मोठे झाले की विकू’ म्हणून राखलेले हे नर कळपाचे दुहेरी नुकसान करतात. एक तर ते माद्यांच्या वाट्याचा दाणा खातात. दुसरे म्हणजे त्यांच्या सततच्या पाठलागाने कोंबड्या बेजार होतात. कोंबडीच्या डोक्यामागील व पाठीवरील पिसे झडलेली, कातडी उघडी पडलेली किंवा ओरखडलेली दिसली, तर नर जास्त झाले आहेत असे निश्चित समजावे. अशा कोंबड्या नराला चुकविण्यासाठी दिवसभर आडोशाला दडून बसतात, पोटभर चरत नाहीत व अंडी कमी देतात.

कोंबड्यांच्या कळपात मानापमानाची ठरलेली उतरंड असते. वरची कोंबडी खालचीला टोचते, ती आपल्या खालचीला टोचते. उलट कोणी टोचीत नाही. नॉर्वेतील थॉर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे या संशोधकाने कोंबड्यांच्या बारीक निरीक्षणावरून ही उतरंड १९२२ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडली. गृहिणींना ती पूर्वापार ठाऊक आहेच. उतरंड एकदा बसली म्हणजे कळपात शांतता नांदते. वारंवार पक्षी आणणे, काढणे किंवा नर बदलणे यांमुळे ती मोडते व भांडणे नव्याने सुरू होतात. म्हणून बदल वर्षातून एकदाच व विचारपूर्वक करावा. दाणा एकाच भांड्यात न घालता दोन-तीन ठिकाणी विखरून टाकावा, म्हणजे उतरंडीत तळाशी असलेल्या कोंबडीसही तो मिळतो.

वयात आलेले दोन नर एकमेकांशी झुंजतात व पायाच्या काट्यांनी रक्तबंबाळ होतात. एकत्र वाढलेले नर पुष्कळदा एकमेकांना सांभाळून घेतात. परंतु दहा कोंबड्यांच्या कळपात दुसरा नर ठेवण्याचे कारणच नसते. नरांच्या झुंजी मुद्दाम लावणे तर प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे, हे कार्यकर्त्यांनी गावात स्पष्टपणे सांगावे.

निवड कशी करावी

नराची निवड एका दिवसात होत नाही. ती तीन टप्प्यांत करावी.

पहिला टप्पा दोन ते तीन महिन्यांच्या वयाचा. या वयात नर-मादी ओळखू येतात. एका रवणातील नरांपैकी ज्यांची वाढ सर्वांत झपाट्याने झाली आहे, जे एकदाही आजारी पडलेले नाहीत, असे दोन-तीन नर वेगळे धरून त्यांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधावा. दोरा बांधलेला पक्षी विकावयाचा नाही व कापावयाचा नाही, असा घरातील सर्वांचा नियम असावा. चांगल्या नराचे रक्षण करणारा हा दोरा एका पैशाचाही नाही. पण त्याचे मोल फार मोठे आहे. पक्षी वाढेल तसा दोरा सैल करीत जावे, नाहीतर तो पायात रुततो.

दुसरा टप्पा पाच ते सहा महिन्यांच्या वयाचा. आता नर हातात घेऊन पाहावा. छातीचे हाड सरळ असावे, छाती भरलेली असावी, पाय सरळ, जाड व एकमेकांपासून अंतर राखून असावेत. डोळे पाणीदार व तुरा लालभडक असावा. चोच वाकडी नसावी. बोटे वाकलेली किंवा जन्मतः कमी-अधिक नसावीत. नराची आई कोणती हे ठाऊक असल्यास तिची अंडी व तिने वाढविलेली पिले आठवून पाहावीत. भरपूर अंडी देणाऱ्या व पिलांना जपणाऱ्या कोंबडीचा पुत्र नेहमी पसंत करावा, कारण आईचे हे गुण तो आपल्या मुलींना देतो.

तिसरा टप्पा सुमारे आठ महिन्यांच्या वयाचा. नर आता कळपात सोडण्यास योग्य होतो. त्याचे वागणे आठ-पंधरा दिवस पाहावे. तो कोंबड्यांना दाण्यासाठी बोलावतो काय, घारीची सूचना देतो काय, सायंकाळी कळपाबरोबर खुराड्याकडे परततो काय, हे पाहावे. लहान मुलांच्या अंगावर धावून जाणारा नर राखू नये. हा स्वभावही पुढील पिढीत उतरण्याचा संभव असतो व मुलांच्या डोळ्यांस इजा होण्याचे भय असते.

रंगाकडेही थोडे लक्ष द्यावे. कोकणातील परसात झाडी दाट असते व आकाशात घारी व शिक्रे असतात. तांबूस, करडे किंवा ठिपक्यांचे पक्षी पालापाचोळ्यात चटकन दिसत नाहीत. पांढरा पक्षी दुरून नजरेत भरतो. बोडक्या मानेचे पक्षी उकाडा अधिक चांगला सोसतात, कारण उघड्या मानेवाटे अंगातील उष्णता बाहेर पडते. असा चांगला नर मिळाल्यास दिसण्यावरून तो नाकारू नये.

बापलेकीचा संबंध टाळावा

निवड उत्तम केली तरी एक धोका उरतो. एकच नर तीन-चार वर्षे राहिला, तर तो आपल्याच मुलींशी व नातींशी जुळतो. त्याच्या जागी त्याचाच मुलगा ठेवला, तर बहीणभावांचा संबंध येतो. अशा जवळच्या नात्यातील संबंधाने अंडी कमी उबतात, पिले अशक्त होतात व रोगाला लवकर बळी पडतात. नर सशक्त दिसत असूनही कळप खालावतो, याचे कारण बहुधा हेच असते.

यावर वाडीवाडीतील फेरपालट हा बिनखर्चाचा उपाय आहे. कोकणातील गाव वाड्यांत विखुरलेले असते, ही गोष्ट येथे उपयोगी पडते. समजा, एका गावातील तीन वाड्यांतील तीन घरांनी एकोपा केला. पहिल्या वाडीत वाढलेला निवडक नर दुसरीत द्यावा, दुसरीतील तिसरीत व तिसरीतील पहिलीत. तलंगा मात्र ज्या त्या घरीच राहाव्यात. दर वर्षी, फार तर दीड वर्षाने, याच दिशेने नर पुढे सरकवावेत. दिशा कधी उलटी करू नये. घरे जितकी अधिक, तितकी नात्याची गाठ उशिरा पडते. प्रत्येक घराने एकऐवजी दोन नर वाढविले, म्हणजे एखादा मुंगसाच्या तोंडी गेला तरी साखळी तुटत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांच्या बैठकीत हा विषय मांडावा व कोणत्या घरातून कोठे नर जावयाचा याची यादी वहीत लिहून ठेवावी.

नवा नर आणताच कळपात सोडू नये. प्रथम तीन आठवडे त्याला दूर, वेगळ्या डालग्यात ठेवून त्याच्या विष्ठेकडे, श्वासाकडे व खाण्याकडे लक्ष द्यावे. नव्या पक्ष्याबरोबर रोग येतो, व तो एका रात्रीत सारा कळप संपवू शकतो. तीन आठवडे निरोगी राहिल्यास डालगे कोंबड्यांच्या नजरेसमोर दोन-तीन दिवस ठेवावे. मग जुना नर काढून घ्यावा व नवा नर अंधार पडल्यावर खुराड्यात कोंबड्यांशेजारी बसवावा. सकाळी सर्व एकत्र बाहेर पडतात व भांडण थोडक्यात मिटते.

जुना नर काढल्यावर लगेच मिळालेली अंडी रवणास घालू नयेत. एकदा संबंध आल्यावर नराचे बीज कोंबडीच्या शरीरात दहा ते चौदा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ, टिकते. म्हणून नव्याचीच पिले हवी असल्यास तीन आठवडे वाट पाहावी. याच नियमाचा दुसरा उपयोग असा की, नर अकस्मात मेला तरी पुढील आठवडाभराची अंडी रवणास घालण्याजोगी असतात. ती वाया घालवू नयेत.

सुधारित नर आणावा काय?

१९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाल्यानंतरच्या काळात लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड अशा विदेशी जातींचे नर खेड्यांत देऊन गावठी कळप सुधारण्याचे प्रयत्न झाले. आज वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज अशा परसासाठी तयार केलेल्या जाती उपलब्ध आहेत. देशी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. या जाती त्याहून पुष्कळ अधिक देतात. अंड्यांचा धंदा करावयाचा असेल, तर त्यांची पिले घेणे हितावह आहे.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या जातींच्या कोंबड्या बहुधा रवणास बसत नाहीत. त्यांचे रक्त कळपात वाढत गेले, की अंडी वाढतात. पण अंड्यांवर बसून पिले वाढविणारी आई नाहीशी होते. मग दर वेळी पिले विकत आणावी लागतात. ज्या घराला नैसर्गिक रीतीने, स्वतःच्या बळावर कळप चालवावयाचा आहे, त्याने सर्व गावठी कोंबड्या एकदम काढून टाकू नयेत. निदान तीन-चार कोंबड्या व एक नर शुद्ध गावठी राखावा. सुधारित कोंबडीची अंडीदेखील गावठी आईच्या पोटाखाली उत्तम उबतात.

रवण केव्हा घालावे

पाली परिसरात पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. ज्येष्ठ ते श्रावण या काळात जन्मलेली पिले ओलाव्याने व थंडीने मरतात. चैत्र-वैशाखात अंडी उकाड्याने बिघडतात. म्हणून रवण घालण्यास दोन हंगाम उत्तम होत : पहिला आश्विनात पाऊस ओसरल्यावर व दुसरा पौष-माघात. पिलांचे वय व सणांचा बाजार यांचा मेळ या हंगामांशी आपोआप बसतो. आश्विनाच्या आरंभी घातलेल्या रवणाची पिले आश्विनअखेर निघतात व शिमग्यापर्यंत साडेचार महिन्यांची होतात. माघाच्या आरंभी घातलेल्या रवणाचे नर आषाढी अमावास्येला पाच महिन्यांचे, म्हणजे विक्रीस नेमके योग्य होतात. त्यानंतर श्रावणात मागणी थांबते. म्हणून जादा नर अमावास्येपूर्वीच काढावेत.

रवणासाठी सात दिवसांहून जुने अंडे घेऊ नये. मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडावीत. ती धुऊ नयेत. साठविताना रुंद टोक वर करून गार जागी टोपलीत ठेवावीत. एका गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी मावतात. अधिक घातल्यास कडेची अंडी गार पडतात. बसविण्यापूर्वी कोंबडीच्या पंखांखाली चाळलेली राख चोळावी, म्हणजे उवा कमी होतात. तिला अंधार पडल्यावर बसवावे. दररोज पंधरा-वीस मिनिटे ती उठून खाईल, पाणी पिईल व विष्ठा टाकील, अशी सोय जवळच करावी. त्या वेळी नराने तिला त्रास देऊ नये म्हणून रवणाची जागा आडोशाची व नराला जाता न येणारी असावी.

सातव्या रात्री अंडी विजेरीच्या प्रकाशासमोर धरून पाहावीत. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ दिसले तर अंडे वांझ आहे. वांझ अंडी मोजून वहीत टिपावीत. ही मोजणी नराची परीक्षा होय. बारा अंड्यांत एक-दोन वांझ निघाली, तर चिंता नाही. चार-पाच निघू लागली, तर नर म्हातारा झाला आहे, आजारी आहे, किंवा नर-माद्यांचे प्रमाण बिघडले आहे असे समजावे व उपाय करावा. दोन-तीन वर्षांहून अधिक काळ एकच नर राखू नये, याचे हेही एक कारण आहे.

एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात. सर्वाधिक हानी पहिल्या दोन महिन्यांत होते. म्हणून पहिले तीन-चार आठवडे आई व पिले मोठ्या डालग्यात ठेवून बारीक कणी, भरडलेली नाचणी, वाळवी व स्वच्छ उथळ पाणी द्यावे. आईने पिलांसह फार काळ फिरू नये. पिले दीड-दोन महिन्यांची होऊन त्यांना पिसे आली, की त्यांना वेगळे केल्यास आई पुन्हा लवकर अंड्यावर येते व वर्षात एक वेत अधिक मिळते.

ज्या कोंबडीला रवणास बसवावयाचे नाही, ती खुडूक झाल्यास काही ठिकाणी तिच्या नाकात पीस खुपसतात किंवा तिला पाण्यात बुडवितात. ही रीत क्रूर व अनावश्यक आहे. तिला खालून वारा लागेल अशा पट्ट्यांच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवावे. खुडूकपणा आपोआप जातो.

खुराडे, खाद्य व राखण

जांभ्याच्या चिऱ्यांचे, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळाचे, उतरत्या छपराचे खुराडे कोकणात उत्तम ठरते. दहा पक्ष्यांस रात्री चार फूट लांब व सव्वातीन फूट रुंद जागा पुरते. बसण्याच्या दांड्या सर्व एकाच उंचीवर असाव्यात; वरखाली असल्यास वरच्या दांडीसाठी भांडणे होतात. चार-पाच कोंबड्यांस एक याप्रमाणे अंधाऱ्या कोपऱ्यात अंडी घालण्याच्या पाट्या ठेवाव्यात. खाली भाताचा तूस पसरावा व पावसाळ्यात ओला झालेला तूस लगेच बदलावा. दार सायंकाळी न चुकता लावावे. मुंगूस, उदमांजर व रानमांजर एका उघड्या रात्रीत वर्षाची मेहनत नेतात.

चरून आलेल्या पक्ष्यास सायंकाळी तीस-चाळीस ग्रॅम दाणा द्यावा. भाताची कणी, कोंडा व नाचणी यांत थोडा सुक्या मासळीचा कुटा मिसळावा. अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. नर बोलावणी करण्यात स्वतः कमी खातो. राखावयाच्या नराला हंगामात मूठभर दाणा वेगळा द्यावा.

दोन वेळी कळप कोंडून ठेवणे आवश्यक आहे. मृगाच्या पेरणीनंतर आठ दिवस, म्हणजे शेजाऱ्याचा तरवा उकरला जाऊन तंटा होणार नाही. आणि आंबा-काजूवर औषध फवारल्यावर काही दिवस. फवारलेल्या झाडाखालचे किडे खाऊन पक्षी मरतात व अंड्यांतही विषाचा अंश उतरू शकतो. बागाईतदाराने फवारणीची सूचना वाडीला आदल्या दिवशी द्यावी.

मानमोडी : सर्व वाडीने एकाच दिवशी लस

इतकी निगा राखूनही एका रोगापुढे सर्व व्यर्थ ठरते. तो म्हणजे राणीखेत अथवा मानमोडी. भारतात हा रोग प्रथम १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे नोंदला गेला, म्हणून त्याला ते नाव पडले. पक्षी धापा टाकतो, हिरवट-पांढरे हगतो, मान मुरडतो व मरतो. उपचार नाही, लस हाच उपाय होय. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा, व आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लस टोचून द्यावी. पुढील वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून समजून घ्यावे.

लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची मात्रा असते. कुपी फोडल्यावर ती थोड्याच तासांत संपवावी लागते व बर्फात ठेवावी लागते. एका घराच्या दहा पक्ष्यांसाठी ती आणणे परवडत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी वाडीतील सर्व पक्ष्यांची मोजणी करून एक दिवस ठरवावा व पहाटे पक्षी खुराड्याबाहेर पडण्यापूर्वी लसीकरण उरकावे. नरांची फेरपालट करणाऱ्या घरांनी तर लस न दिलेला पक्षी घेऊच नये.

अनेक पक्षी एकाएकी मरू लागल्यास ते विकू नयेत, खाऊ नयेत व पऱ्यात टाकू नयेत. दवाखान्यास तत्काळ कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा साथ रोखण्यासाठी फार मोठ्या संख्येने पक्षी नष्ट करावे लागले. लवकर दिलेली सूचना शेजारच्या शंभर घरांना वाचविते.

हिशेब

दहा कोंबड्यांच्या कळपात वर्षाला चार रवणे घातली व प्रत्येकातून सात पिले जगविली, असे मानू. अठ्ठावीस पिलांत निम्मे, म्हणजे चौदा नर व चौदा तलंगा मिळतील. चार-पाच तलंगा म्हाताऱ्या कोंबड्यांच्या जागी राहतील, दोरा बांधलेले दोन नर राखले जातील. उरलेले बारा नर व नऊ-दहा तलंगा विकावयास मोकळ्या राहतील. हा पैसा बहुधा घरधनिणीच्या हाती येतो व मुलांच्या वह्या-पुस्तकांस आणि अडीअडचणीस उपयोगी पडतो. दोरा बांधलेले दोन नर विकून वर्षाच्या आरंभी थोडे अधिक पैसे मिळतील खरे. परंतु पुढील वर्षी अठ्ठावीसऐवजी पंधराच पिले जगली, तर तो सौदा तोट्याचाच ठरतो.

गिऱ्हाईकाला व पाहुण्याला चांगला कोंबडा अवश्य द्यावा. देवाचा मानही चुकवू नये. मात्र प्रत्येक रवणातील पहिला, सर्वांत सरस नर कळपासाठी राखून मग उरलेल्यांतून हे सर्व करावे. कार्यकर्त्यांनी वाडीत जाताना रंगीत दोऱ्याची एक गुंडी बरोबर न्यावी आणि घरधनिणीच्या हातून, तिच्याच निवडीचे दोन नर दोऱ्याने राखून ठेवावेत. कळपाच्या सुधारणेस आरंभ करण्यास एवढे पुरेसे आहे.